काकूंना आणायला निघालेले मामा

टीव्हीतली माणसं आपल्याला जशी दिसतात तसेच आपणही त्यांना दिसतो, अशी पक्की खात्री असलेला माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पंचवटीत घर, शहराच्या कडेला मळा, मळ्यात झेंडू आणि निशिगंध. दिवसभर मळक्या बंडीत वावरणारे मामा संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की पाय धुऊन, इस्त्रीचा सदरा चढवून, टोपी सारखी करून टीव्हीसमोर बसत. मी एकदा कारण विचारलं, तर माझ्याकडेच अडाण्याकडे बघावं तसं बघत म्हणाले, "लेकीसुना वावरतात त्यांच्या घरात. बनियनवर बसू का?"

मालिका एका मोठ्या शेतकरी कुटुंबाची होती आणि ती इतकी वर्षं चालली, की मामांनी त्या घराशी सोयरीकच धरली. तिथले आबा वारले तेव्हा मामांनी दहाव्यापर्यंत गोड खाल्लं नाही. नेमका त्यातच पाडवा आला. मामींनी श्रीखंड केलं, फ्रीजमध्ये मेथीच्या पिशवीमागे दडवलं, आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाढलं. "हळू खा, बाहेर दुःखात हायेत ते," असं वर बजावलं. मामींचा जीवही त्या मालिकेत तेवढाच अडकलेला होता, फक्त सणावारांच्या आड त्या तो येऊ देत नसत.

त्या कुटुंबात एक म्हातारी आई होती, तिला घरदार काकू म्हणायचं. थोरल्या मुलाने चारचौघांत अपमान केला म्हणून काकू कापडी पिशवी घेऊन घराबाहेर पडल्या आणि एसटीत बसल्या. खरं म्हणजे ते काम करणाऱ्या बाईंनी मालिका सोडली होती. मी तसं सांगून पाहिलं, तर मामा म्हणाले, "सोडणारच. मान नाय तिथं कोण राहील?" पुढे कॉलेज रोडला एका कपड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला थोरल्या मुलाचं काम करणारा नट आला. हार मामांच्याच मळ्यातला होता, म्हणून मालकाने कौतुकाने त्यांनाच घालायला सांगितलं. मामांनी हार पाठीमागे नेला. "आधी आईला घरी आण, मग घालतो." नट चांगल्या वळणाचा असावा. तो वाकून पाया पडला आणि "आणतो" म्हणाला. मामा त्या शब्दावर विसंबून राहिले.

त्याच वर्षी मामी आजारी पडल्या. आतल्या खोलीत पडल्या पडल्या त्या रोज मालिकेच्या वेळेला विचारायच्या, "आल्या का हो काकू?" आणि मामा बाहेरून सांगायचे, "नाय अजून. येतील." आधी मामी गेल्या, मागोमाग मालिका संपली, आणि काकू काही आल्या नाहीत. ही दोन दुःखं मामांच्या मनात एकात एक मिसळून गेली असावीत, कारण मामींबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत, काकूंचा विषय मात्र जेवतानाही निघायचा.

अशात त्या मालिकेवर व्हिडिओ गेम निघाला. जाहिरातीत म्हटलं होतं, 'आता गोष्ट तुमच्या हातात!' जाहिरात म्हणजे दिलेला शब्द असं मानणाऱ्या मामांचा मला लगोलग फोन आला. "जावईबापू, ते मशीन घेऊन या. काकूंना आणायला जायचंय." मी माझ्या मुलीचं यंत्र नेऊन जोडून दिलं. मामा सदरा घालून तयारच होते. नैवेद्याचं ताट धरावं तसा त्यांनी तो रिमोट दोन्ही हातांत धरला. पडद्यावर आपण तो थोरला मुलगा आहोत हे कळल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं, पण मग स्वतःच समजूत काढली, "बरंय. ज्यानं घालवलं त्यानंच आणावं."

गेम भिकार होता. थोरल्याने गल्लीतून पळायचं, पिंपांवरून उड्या मारायच्या, गुंडांना लाथा घालायच्या आणि वाटेतली रत्नं वेचायची. बाजारातल्या सगळ्या बायकांना एकच चेहरा. ज्याला विचारावं तो म्हणे, "सावध राहा, गुंड येत आहेत!" मामा रत्नं सोडून आधी घरी गेले आणि उंबऱ्याशी थांबले. "चपला काढायचं बटण कोणतं?" मी म्हटलं, नाही तसं बटण. "मग घरात जायचं कसं?" पण तो प्रश्न आलाच नाही, कारण दार उघडेना. ते भिंतीवर नुसतं रंगवलेलं होतं. तिथून मामा एसटी स्टँडवर गेले. तिथे एकच बस, सुटायचं नाव नाही, आत कोणी नाही. पुढचे कितीतरी दिवस मामांनी तो गेम कोपरा न् कोपरा धुंडाळला. शेवटी चिकाटीने गुंडांचा म्होरक्याही लोळवला. पडद्यावर फटाके उडाले, 'तुम्ही जिंकलात!' अशी अक्षरं आली. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काय जिंकलो?" त्यांनी मला विचारलं.

त्यानंतर आठवड्याने मी मळ्यात गेलो. मामा निशिगंध खुडत होते. मान वर न करताच म्हणाले, "काकू आल्या."

मी दचकलो. मालिका पुन्हा सुरू झाली की काय?

"दुपारच्या आल्या. समदे निजलेले. पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले, चहाचं आधण ठेवलं. कपबशीच्या आवाजानं सून उठली, लागली रडायला. काकू म्हणाल्या, साखर कुठं ठेवता आता?"

"आणि थोरला?"

"त्यानं ओट्यावर बसून चहा घेतला, मान खाली घालून. बोलायचं काय त्यात? घरच्या माणसाला कोण इचारतं, का आलात म्हणून?"

मामांनी उभ्या जन्मात कधी गोष्ट रचली नव्हती. मालिकावाल्यांना नि गेमवाल्यांना जमलं नाही ते त्यांनी निशिगंध खुडता खुडता करून टाकलं होतं. मी म्हटलं, "फार छान झालं, मामा."

त्यांनी फुलांच्या पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि ते नीट खोचून घेतलं.

"झालं खरं," ते म्हणाले. "पण आता आतून इचारत नाय कोणी."