मामांचं खरं वय

इंदूमामीचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या शाळेत एका मुलाचा दाखला लिहीत होतो. पेन जन्मतारखेच्या रकान्यापाशी होतं. "ये बाबा... तुझं मामा गेलं," एवढंच ती म्हणाली. चहा प्यायला बसलेला माणूस बसल्या जागी गेला. त्याला आता सव्वा महिना होईल. तो दाखला दुसऱ्या दिवशीही माझ्या हातून पुरा झाला नाही. तारीख लिहायला घेतली की बबनमामाच समोर यायचे.

कवठे येमाईत मामांच्या पिढीचं निम्मं गाव कागदावर एक जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना तारीख कुणाला ठाऊक नसायची, मास्तर आपले एक जून टाकून मोकळे. मामांवर मास्तरांनी आणखी एक उपकार केला. पट भरत नव्हता म्हणून थोरल्या भावाबरोबर नुसतं बसायला आलेल्या या पोराचं वय दोन वर्षांनी वाढवून त्याला पहिलीत घेतलं. आजी मात्र ठाम होती. बबन झाला तो यात्रेच्या पालखीच्या दिवशी, विहिरीला पाणी लागलं त्या साली. आणि ते साल विहिरीच्या दगडावर कोरलेलं आहे!

तर कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यातून मामा कागदावर अठ्ठावन्नचे होऊन रिटायर झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले. मी पेन्शनचा फॉर्म घेऊन गेलो तर म्हणाले, "आत्ता न्हाई. अजून दोन वर्सं हायेत मला." थोडं थांबलं की पेन्शन वाढून मिळते, मला वाटलं तोच हिशेब असेल. कसलं काय! "वाढीचं मला काय बी नगं. अठ्ठावन्नला मिळती न्हवं? मग हू दे की अठ्ठावन्न."

मी चिडलो. मी शाळेतला क्लार्क, कागदावर असेल तेच माझ्या लेखी खरं. म्हटलं, "मामा, कामाला लागताना नाही आठवलं खरं वय?"

"तवा सोळाचा हुतो, कागदावर अठरा. गप बसलो. एकदा खोट्याचं खाल्लं रं भाच्या... आता परत न्हाई."

मामी बोलली. "ह्यांचं खरं व्हईस्तवर म्या लोकाच्या रानात फुलं तोडायची व्हय?" पेन्शन सुरू झाली की तिची तोडणी बंद, असं मामांनीच कबूल केलं होतं. तिचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते, आणि मामांना ते दिसत नव्हतं असंही नाही. दोन वर्षं रोज पहाटे ते तिला लूनावर मागं बसवून शेवंतीच्या रानात न्यायचे आणि तिच्या वाट्याची अर्धी सरी स्वतः तोडायचे. जन्मभर मशीन चालवलेला हात, एका फुलाबरोबर दोन कळ्या ओरबाडायचा. बायका हसायच्या, हेही हसायचे. मला या हट्टाचा भयंकर राग यायचा. पण इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

यंदाच्या यात्रेला त्यांना खरी अठ्ठावन्न पुरी होणार होती. महिनाभर आधीच मला बोलावून त्यांनी फॉर्म भरून घेतला, सही केली आणि तारीख टाकली यात्रेच्या दुसऱ्या दिवसाची. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून लूनाच्या किल्लीशेजारी खुंटीला अडकवला. मामीकडे बघून म्हणाले, "आता ह्यो हंगाम शेवटचा." यात्रेला अकरा दिवस उरले होते, तेव्हा ते गेले.

मागच्या आठवड्यात मी मामीच्या पेन्शनचा फॉर्म घेऊन गेलो. विधवा म्हणून तिला मिळायची ती पेन्शन. ओट्यावर बसून एकेक रकाना भरत होतो.

"मामी, जन्मतारीख?"

"एक जून."

मी लिहिली. जरा वेळानं ती म्हणाली, "खरी दिवाळीतली हाय."

माझं पेन थांबलं. मामी खुंटीकडे बघत होती.

"थांबलास का? लिही पुढं. म्या न्हाई बाबा खऱ्याची वाट बघायची..."

निघताना मामांचा जुना फॉर्म मी काढायला गेलो, तर तिनं हात लावू दिला नाही. तो अजून त्याच पिशवीत, त्याच खुंटीला आहे. त्यावर मामांनी टाकलेली तारीखही आता होऊन गेली.