आडनाव काय म्हणालात?

विमानतळावरून निघालेली टॅक्सी कल्याण ओलांडून उल्हासनगरात शिरली तेव्हा मी उत्साहाने काच खाली केली आणि तितक्याच घाईने वर घेतली. नाल्यातून रसायनांचा असा वास येत होता की डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर हसला. "मॅडम, दो दिन में आदत हो जाएगी." मी त्याला मराठीत सांगितलं की मला मराठी येतं. "हां हां, बहुत अच्छा," तो म्हणाला. त्याच्यासमोर काचेवर 'आईचा आशीर्वाद' असं ठळक लिहिलेलं होतं.

माझ्या रागाची सुरुवात तिथून झाली. मॉरिशसमधल्या माझ्या मराठी मंडळींनो, तुम्हाला तो कळेल. आपल्या पणज्या-पणजोबांनी उसाच्या मळ्यात राबून, संध्याकाळी बैठकांमध्ये (गावोगावच्या आपल्या शिकवणीच्या जागांत) पोरांना बसवून जी भाषा टिकवली, ती रोज कानावर पडेल म्हणून मी फ्रेंच शिकवायची ही नोकरी धरली होती. आणि इथे भाजीवाली, रिक्षावाला, शाळेचा शिपाई, सगळे घरचे मराठी, माझ्या मराठीला हिंदीत उत्तरं देत होते.

शाळा एका कॅम्पात होती. (फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावण्यांत राहायला आले, म्हणून उल्हासनगरचे भाग अजून कॅम्प म्हणूनच ओळखले जातात.) पोरं बहुतेक सिंधी, गोड आणि भयंकर बडबडी. मी वर्गात शिरले की सगळी उभी राहून सुरात "गुऽऽड मॉर्निंग टीचर" म्हणायची आणि मी सांगेपर्यंत बसायची नाहीत. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. पोरं बराच वेळ तशीच उभी, आणि मी फळ्यावर लिहितेय! मधल्या सुट्टीत कोणीतरी दाल पकवान आणायचं (पकवान म्हणजे कडक तळलेली मोठी पुरी, वर डाळ आणि कच्चा कांदा). त्याचा मात्र मला जन्मात कंटाळा येणार नाही.

स्टाफरूममध्ये माझी खरी परीक्षा झाली.

"आडनाव काय म्हणालात?" एका बाईंनी विचारलं.

"सखाराम. लीना सखाराम."

"ते वडिलांचं झालं. आडनाव?"

मी समजावलं की जहाजावरून उतरताना कारकुनाने पणजोबांच्या वडिलांचं नावच आडनाव म्हणून लिहिलं, आणि आमचं खरं आडनाव तिथेच संपलं. बाईंनी मान हलवली. पण माघार घेतील तर शपथ. गाव कुठलं? कोकणातलं कुठलंसं. कुलदैवत? घरी गणपती बसतो. मग मच्छी खात असाल? मी आमच्या ऑक्टोपसच्या रश्श्याचं रसभरीत वर्णन केलं. ऑक्टोपस खाणाऱ्यांना कुठल्या जातीत बसवायचं हे काही त्यांना ठरवता येईना आणि त्या दिवसापुरती माझी सुटका झाली.

कोपऱ्यात वह्या तपासत बसलेली गणिताची शिक्षिका खुसुखुसू हसत होती. ती सुनंदा जाधव. "अगं, तुझ्याशी किती गोड बोलायचं ते त्यांना ठरवायचंय," ती नंतर म्हणाली.

आमची गट्टी जमली. रविवारी ती मला अंबरनाथला घरी घेऊन गेली. तिचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. क्वार्टरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली तिच्या आईने वाढलेली भाकरी नि सुकटीची चटणी. वडील निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडून आईवडील कराडजवळच्या गावी जाणार होते. सुनंदाला इथे घर मिळालं नाही तर नोकरी सोडून तिलाही जावं लागणार होतं, कारण एकटीच्या पगारात घरभाडं झेपणारं नव्हतं. मीही शाळेने दिलेल्या खोलीला आणि तिथल्या रोजच्या लोडशेडिंगला कंटाळले होते. आम्ही दोघींनी मिळून भाड्याने घर घ्यायचं ठरवलं.

अंबरनाथजवळच्या पालेगावात आम्हाला एक घर फार आवडलं. शेतं अजून पूर्ण गेलेली नव्हती. भाताच्या खाचरांशेजारीच नव्या इमारती उभ्या होत्या. मालक तिथलेच जुने शेतकरी, जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून फ्लॅट मिळालेले. घरमालकीण काकूंनी चहा केला. "परदेशातली हाय, पन बोलते कशी छान बघ," असं मुलाला सांगून त्यांनी माझ्या बशीत आणखी दोन खारी ठेवल्या. खिडकीतून वारा येत होता. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

मग काकू सुनंदाकडे वळल्या. "आणि तू गो? जाधव ना? मराठा का?"

"नाही. आम्ही बौद्ध," सुनंदा म्हणाली. वेळ सांगावी इतक्या सहज.

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मोबाइलकडे पाहिलं. "तसं आमचं काय नाय हो," तो म्हणाला, "पन सोसायटीतले मेंबर ऐकत नाय. मॅडम, तुम्ही एकट्या घेत असाल तर आत्ता चावी देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मला? मी कोण आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"तुम्ही फॉरेनच्या."

"माझी जात मलाच माहीत नाही. उद्या कळली तर चावी परत मागाल?"

तो हसला. मी विनोद केलाय असं त्याला खरंच वाटलं. मी चहा तसाच ठेवून उठले. सुनंदाने मात्र आपला कप संपवला आणि "येते काकू" म्हणून निघाली.

रस्त्यावर येऊन मी तोंड सोडलं. निर्लज्ज, ढोंगी, काय काय म्हणाले. आमच्याकडे असलं काही नाही, हेही ठणकावून सांगितलं.

"तुला राग येत नाही?" मी विचारलं.

"येतो ना," सुनंदा रिक्षाला हात करत म्हणाली. "पण मला उद्या परत घर बघायचंय. सगळा आजच काढला तर उद्याला काय उरेल?"

बदलापुरात एजंट फोनवर आधी आडनाव विचारायचे, किती खोल्या हव्यात ते नंतर. जांभूळ गावाच्या बाजूला एकाने जाधव ऐकून आनंदाने बोलावलं आणि गाव नि घराण्याची चौकशी झाल्यावर फ्लॅट कालच गेल्याचं त्याला आठवलं. मी दर वेळी भांडले. एकदाही उपयोग झाला नाही.

शेवटी घर मिळालं ते उल्हासनगरातच, एका सिंधी म्हातारीच्या वरच्या मजल्यावर. ती काही संत नव्हती. भाडं जास्त, छत गळकं, पुरुष पाहुण्यांना मनाई. पण तिने एकच प्रश्न विचारला: "पानी सुबह आता है, मोटर चालू करने नीचे कौन आएगा? मेरे घुटने नहीं चलते." सुनंदा म्हणाली, मी येईन. तिची नोकरी वाचली, आणि माझा नोकरीचा करार संपेपर्यंत आम्ही त्या गळक्या छताखाली मजेत राहिलो.

मी मॉरिशसला परत आले त्या दिवशी आत्याने ऑक्टोपसचा रस्सा केला होता. आई लवकर गेली, मला आत्यानेच वाढवलं. घर माणसांनी भरलं होतं. मी पालेगावची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी त्या लोकांना मनसोक्त नावं ठेवली, आत्याने सर्वांत जास्त. सुनंदा सुट्टीत आपल्याकडे राहायला येणार आहे, हेही मी सांगितलं. "येऊ दे की," सगळे म्हणाले. मला घरी आल्यासारखं वाटलं.

मग वाढता वाढता आत्या माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "पण लीना, तिकडे चौकशी केलीस ना? आपण त्या सुनंदाच्या लोकांतले नाही ना गं?"

"असूही," मी म्हटलं. "काय सांगावं?"

तिचा हात पळीसकट थांबला. पालेगावातून मी चहा टाकून उठले होते. इथून उठून मी कुठे जाणार होते? मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "वाढ."