फणसाला गाऱ्हाणं

मोजे घालायला मी मुलीने केलेल्या टेबलावर बसलो. टेबल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते नव्हतं हे. दीड वीत उंची, चार नाजूक वाकलेले पाय. कोकणातल्या माणसाला असं काही दिसलं की तो त्याला पाट समजतो, आणि पाट म्हणजे बूड टेकायची जागा. त्यात माझे गुडघे दुखरे. बसलो. ‘कर्र’ असा आवाज आला, तो मला आधी गुडघ्याचाच वाटला.

"बाबा, ऊठ! त्यावर जेवतात, बसत नाहीत!"

कोरियात म्हणे माणूस जमिनीवर मांडी घालून असं एकेकट्याचं टेबल पुढ्यात घेतो. सोबान म्हणतात त्याला. नोकरीतून बिनपगारी सुट्टी घेऊन ही तिकडे एका म्हाताऱ्या सुताराकडे सहा महिने शिकून आली. लाकूड मात्र आमचंच. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतला फणस वादळात पडला, तेव्हा तुकडे करायला आलेल्या माणसांशी भांडून हिने खोड मिळवलं. मग ते चारकोपच्या एका शेडमध्ये दोन वर्षं सुकत पडलं होतं.

त्यातलं हे पहिलं टेबल. रविवारी पहिलं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. त्यानंतर तिला नोकरी सोडायची होती, पण माझा होकार घेऊनच. मी दोन महिने एकच उत्तर देत होतो, "बघू." बघू म्हणणाऱ्याने बसताना मात्र बघितलं नव्हतं. एक पाय खाचेपाशी चिरला होता.

"मुद्दाम बसलास ना?" तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. ते मला गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

उरलेल्या लाकडातून तिने नवा पाय करायला घेतला. हळदीसारखा पिवळा तुकडा. पटाशी उचलायच्या आधी तिने त्यावर दोन्ही तळवे टेकले आणि मान झुकवली.

"हे काय आता?"

"तिकडचे आजोबा करायचे. झाड होतं ना रे ते. आधी विचारायचं."

आमचे वडील गावी साधी फांदी तोडायची झाली तरी खोडाला हात लावून गाऱ्हाणं घालायचे, झाडाची परवानगी मागायचे. त्याला हसायला मी मुंबईत आल्यावर शिकलो.

मग मीही हात ठेवला. सुरुवात थट्टेतच केली.

"बा फणसा म्हाराजा, न कळता तुझ्यार बसलंय, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. गाऱ्हाणं ऐकून गप्प बसणं मालवणी माणसाला जमत नाही.

"तुका पाडलो वाऱ्यान, पण उभो केलो ह्या माझ्या चेडवान. तेच्या हाताक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या नव्या धंद्यात तेका येश दी रे म्हाराजा!"

या वेळी ‘व्हय’ आलं नाही. हे मी थट्टेत म्हटलं नव्हतं. मुलगी पटाशी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी घाईघाईने दुसरा मोजा शोधू लागलो.

बायको ओले हात पदराला पुसत दारात आली.

"झाडासमोर बोललात हां," ती म्हणाली, "आता ‘बघू’ चालायचं नाही."