डोळ्यांत भरणारा वर्ग

कात्रीबाईंना कोरी भिंत बघवत नसे. मग ती घरातली असो, दवाखान्यातली असो, नाहीतर बँकेतली. रांगेत उभ्या राहिल्या की त्यांच्या बोटांची चुळबुळ सुरू व्हायची, इथे एक कागदी वेल काय झकास दिसेल म्हणून. पर्समध्ये एक वेळ पैसे नसतील, पण कात्री असायचीच. म्हणून तर अख्खी शाळा त्यांना कात्रीबाई म्हणायची, आणि बाईंना त्याचा राग सोडाच, चांगला अभिमान होता.

पहिलीचा वर्ग म्हणजे त्यांचं राज्य. "वर्ग कसा, डोळ्यांत भरला पाहिजे," असं त्या उठता-बसता म्हणायच्या. आणि त्यांनी तो भरलाही होता, डोळ्यांनीच! जे कापायचं त्याला डोळे लावायचे, ही बाईंची पद्धतच. सूर्याला डोळे, ढगाला डोळे, गाजराला डोळे, फुटपट्टीला डोळे. केराच्या डब्यालासुद्धा दोन टपोरे डोळे आणि खाली लिहिलेलं, 'मला भूक लागली'. घरात पुठ्ठा म्हणून काही टिकत नसे. नवरा बिचारा इलेक्ट्रिशियन, आता निवृत्त. तो विचारायचा, "अगं, मिक्सरचा खोका कुठाय? त्यात गॅरंटी कार्ड होतं."

"अहो, त्याचं घुबड झालं."

"आणि कार्डाचं?"

"चोच."

आता हौसेला मोल नसतं हे खरं, पण ही नुसती हौस नव्हती. बाई लहानपणी शेवटच्या बाकावर बसायच्या. अबोल पोरगी. मास्तरांनी वर्षभरात एकदाही त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही. निकालाच्या दिवशी विचारलं, "तू कोण गं? याच वर्गातली का?" ते बोलणं बाईंच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. आपल्या वर्गातल्या एकाही लेकराला असं वाटता कामा नये, की आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही! बाईंची नजर चुकली तर भिंतीवरचं गाजर तरी बघेल.

आणि अशा या वर्गाच्या दारात एक दिवस बटण येऊन उभी राहिली.

तिची आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची आणि ही सारखी फ्रॉकचं बटण पिळत असायची, म्हणून तिचं नाव बटण. मायलेकी दोघीच. शहरात नव्या आलेल्या. आईने दारापर्यंत आणलं, पण पोरगी काही आत पाऊल टाकेना. रडली नाही, ओरडली नाही. दप्तर तोंडासमोर धरून चौकटीला चिकटून उभी राहिली, शाळा सुटेपर्यंत.

"होईल सवय," बाई म्हणाल्या, आणि कात्री काढली. दुसऱ्या दिवशी दारावर हा एवढा सूर्य लागला, 'ये गं ये' म्हणणारा. डोळे बशीएवढे. बटण चौकटीवरून व्हरांड्यातल्या खांबापाशी सरकली. बाईंनी खिडकीत पोपटांची रांग लावली. बटण खांबावरून पार नळाजवळच्या पायरीवर गेली. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच! जितकी सजावट वाढे, तितकी पोरगी मागे हटे.

आई रोज फाटकाबाहेर बसून राहायची. एक दिवस दुपारी ती बाईंपुढे येऊन उभी राहिली. "बाई, माझी रजा संपली. सोमवारी नाही गेले तर कामावरून काढतील. सोमवारी बसली तर बसली, नाहीतर गावी आजीकडे ठेवते. शाळेचं पुढच्या वर्षी बघू." एवढं बोलून ती घाईघाईने वळली, कारण रडू येत होतं. बटण तेव्हा पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती.

बाई पायरीकडे बघत राहिल्या. आईपासून तुटणार ही पोर, आणि कशापायी? माझ्या वर्गापायी?

शुक्रवारी आई कारखान्यात जाऊन यायची होती, शाळा सुटल्यावर तिला यायला उशीर झाला. बाई पायरीवर बटणच्या शेजारी जाऊन बसल्या. पर्समधून लाल कागद काढून सफरचंद कापायला लागल्या. बटण दप्तराआडून बघत होती. हळूहळू दप्तर खाली आलं. बाईंनी सवयीने पेन उघडलं, सफरचंदावर टेकवलं, तोच एक बारीक आवाज आला.

"त्याला डोळे नको ना."

पहिल्यांदा बोलली! बाईंनी हळूच विचारलं, "का गं?"

"मग ते पण बघेल."

"बघू दे की. बघून काय करणार आहे?"

"माझं चुकलं की सगळे बघतील," बटण म्हणाली आणि फ्रॉकचं बटण पिळायला लागली.

आई येऊन तिला घेऊन गेली. बाई वर्गात आल्या आणि कधी नव्हे ते मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. समोर बघितलं. अगं बाई! सूर्य बघतोय, घुबड बघतंय, गाजर बघतंय. मान वळवावी तर फुटपट्टी बघतेय. कुठे लपायची सोय नाही. बाईंना आपलीच लाज वाटली, आणि रागही आला, आणि मग नुसतंच वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "खरं सांगू? मागे तुझ्या वर्गात पंखा बसवायला आलो होतो ना, तेव्हा मलाच चोरासारखं झालं होतं."

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"तुझ्या हातात कात्री होती."

रविवारी दोघं वर्गात गेली. शिडी नवऱ्याने आणली. पताका उतरल्या, पोपट उतरले, दाराचा सूर्य उतरला. ढीगच्या ढीग उतरला, तेव्हा नवरा शिडीवरून म्हणाला, "अगं, या भिंतीला रंग पण आहे! फिकट निळा. माहीत होतं तुला?" बाईंना खरंच माहीत नव्हतं. एक अख्खी भिंत त्यांनी तशीच मोकळी ठेवली. त्यासाठी किती मन घट्ट करावं लागलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. खिडकीला घरातला जुना सुती पडदा लागला, कोपऱ्यात सतरंजी आणि दोन उशा आल्या.

पण काही चित्रांवर हात चालेना. घुबड होतं, गाजर होतं, ज्या मुलांनी ती रंगवली ती आता कॉलेजात होती. बाई बराच वेळ गाजरापुढे उभ्या राहिल्या. मग त्यांनी नारिंगी कागदाचे दोन अर्धगोल कापले आणि त्याच्या डोळ्यांवर चिकटवले. गाजराच्या पापण्या मिटल्या. "झोप रे राजा," बाई पुटपुटल्या, आणि एकेकाला झोपवत निघाल्या.

सोमवार उजाडला. घंटा झाली. मुलं आत येऊन आश्चर्याने हळू आवाजात बोलायला लागली. दारात मायलेकी उभ्या. आईचं एक लक्ष रस्त्याकडे, कारखान्याची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबलेली. बटणने दप्तर किंचित खाली केलं.

"झोपले?"

"झोपले गं. फार दमले होते."

बटणने सगळा वर्ग नीट तपासला. घुबड झालं, डबा झाला, निळी भिंत झाली. पण पाऊल काही उचलेना. गाडीचा भोंगा वाजला. आईने डोळ्यांत प्राण आणून बाईंकडे पाहिलं.

"आणि तुम्ही?" बटणने विचारलं.

बाईंना क्षणभर कळेना. आणि मग कळलं. पाठीलाही डोळे असलेल्या कात्रीबाई, ज्यांच्या नजरेतून पेन्सिलीचं टोक सुटायचं नाही, त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले. मुलं खुदखुदली, मग गप्प झाली.

काहीच ऐकू येईना. आत आली की परत पळाली? बघायला जीव नुसता तडफडत होता. पण बाईंनी डोळे उघडले नाहीत. हजेरी त्यांना तोंडपाठ होती. त्या तशाच, डोळे मिटून, एकेक नाव घ्यायला लागल्या. "हजर, बाई." "हजर, बाई." नेहमीचे आवाज, नेहमीच्या जागांवरून. शेवटी नव्याने चढलेलं एक नाव उरलं. ते बाईंनी सावकाश घेतलं.

कुणीच बोललं नाही. मग अगदी जवळून, पहिल्या बाकावरून, बारीक आवाज आला.

"हजर."

बाहेर चपला फटफट वाजवत कुणीतरी गाडीकडे पळालं.

"बाई, उघडा की आता," मुलं ओरडली.

"थांबा रे," बाई म्हणाल्या. त्यांना एवढ्यात डोळे उघडता येण्यासारखे नव्हते.