गल्लीची भांडी आणि कामिनीचे हायड्रोजन

आमच्या सोनगीरची कामिनी पुण्याच्या प्रयोगशाळेत लेसरच्या अतिसूक्ष्म झोताने मिथेनॉलचे रेणू फोडते. रेणू फुटताना त्यातले तीन हायड्रोजन एकमेकांना धरून बाहेर पडतात, असं तिला दिसलं. सर म्हणाले, "हे तुझ्याच रेणूतले कशावरून? यंत्रात राहिलेल्या पाण्याच्या वाफेतले असतील." तसं निघालं तर सगळं काम मातीत जाणार होतं. मग तिने त्या तिघांच्या जागी जड हायड्रोजन बसवलेलं मिथेनॉल मागवलं. आता तिघं जड निघाले तर तिच्याच रेणूतले, साधे निघाले तर वाफेतले. मोजणी तिने मैत्रिणीवर सोपवली आणि चुलतभावाच्या लग्नाला गावी आली. पंगतीतही तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

लग्न उरकल्यावर गल्लीतून मागून आणलेली भांडी, कोरलेली नावं बघून, माय-लेकी वेगळी करत होत्या. तेवढ्यात फोन आला: तिघं जड होऊनच निघाले.

"काय व्हयनं व? रडी राहिनी का हासी राहिनी?" लताबाईंनी विचारलं.

"माय, त्या मन्हाच रेणूना शेतस!"

"चाल, तुन्हं तुले भेटनं. आते हाई पातेलं कोनं शे ते देख."

कामिनीने पातेलं उलटं करून नाव वाचलं, बाजूला ठेवलं आणि उरलेल्या वरणबट्टीवर ताव मारायला बसली.