ओटीतला काळा दाणा

कानाला चिकटवलेले दाणे मी केसांखाली लपवत असे. गारखेड्यात चिनी पद्धतीनं उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत. त्या पोटावर, पायांवर बारीक सुया टोचायच्या आणि निघताना कानावर मोहरीएवढे काळे दाणे चिकटपट्टीनं बसवून द्यायच्या. येता-जाता ते दाबायचे. जिथं माझे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू होते, त्या दवाखान्यात मी आधी विचारलं होतं. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "सुयांनी फायदा होईलच असं नाही, पण बरं वाटत असेल तर घ्या. काढे, पुड्या मात्र मला न विचारता घेऊ नका." बरं काही वाटत नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी चीनहून आली होती, एवढंच.

दवाखान्याचं नवऱ्याखेरीज फक्त सासूबाईंना ठाऊक होतं आणि सुयांचं एकट्या नवऱ्याला. बाकीच्यांना मी सांगायची, "सध्या नोकरीकडं लक्ष आहे." सांगताना मान अशी ताठ ठेवायची, की पुढचं कुणी विचारू नये.

अशात धाकट्या जावेचं डोहाळजेवण आलं, पैठणच्या घरी. ओटी लेकुरवाळ्यांनी भरायची. आमच्यात कुणी कुणाला तोंडावर नको म्हणत नाही, ओटीची वेळ झाली की मला हाक येते, "भज्यांकडं बघ गं जरा." मीही सुटल्यासारखी आत जाते. या वेळी जाऊच म्हणाली, "ताई, तुम्ही पण भरा. मला पाहिजे." भली पोर आहे. मला तिचा त्या क्षणी संताप आला.

मी वाकले. घामानं कानावरची एक पट्टी दाण्यासकट सुटली आणि तिच्या पदरातल्या तांदळांवर पडली.

"हे काय हाय?" चुलतसासूबाईंनी ती उचलली. "मोहरी? अन् चिकटवून आणलेली?" त्यांनी माझ्या कानाकडं पाहिलं. गजऱ्यासाठी केस वर बांधले होते, बाकीचे दाणे उघडेच होते. "हे कुठून करून आणलं गं?"

करणी हा शब्द कुणी उच्चारला नाही. जावेनं मात्र पदर पोटाशी ओढून घेतला. तेवढं पुरलं.

मग मी सांगून टाकलं. उभ्यानंच, भरल्या घरात. मूल होत नाही, दवाखाना चालू आहे, इंजेक्शनं चालू आहेत, हे चिनी उपचाराचे दाणे आहेत. माझाच आवाज मला परक्या बाईसारखा ऐकू येत होता. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं, कुणीतरी खाली बघितलं. लाजेनं कानशिलं तापली होती.

चुलतसासूबाई हळूच म्हणाल्या, "व्हय, तुझं खरं असंल. पण दृष्ट काढून टाकू. पोरीच्या मनात राहायला नको."

मीठ, मोहरी, लाल मिरच्या मीच आणून दिल्या. कुठल्या डब्यात काय आहे हे मला माहीत होतं ना. सासूबाईंनी जावेवरून ओवाळून ते सगळं चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकलं. मिरच्यांचा ठसका लागला तर काही नव्हतं म्हणायचं. नाही लागला, तर दृष्ट होती. कुणाची, ते विचारायची गरज नव्हती.

सगळ्या जणी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. धूर झाला. कुणी खोकलं नाही.

असलं काही मी मानत नाही. पण तिथं उभी राहून मी मनातल्या मनात ठसक्याची वाट बघत होते. कारण सकाळपासून माझी नजर तिच्या पोटावरच होती. हेवा वाटला होता, लई वाटला होता. चुलतसासूबाईंना ते दिसलं असेल, असं वाटून अंगावर काटा आला.

मी खोकले. घशात काही नव्हतं, तरी पदर तोंडाला लावून मोठ्यानं खोकले. कुणीच साथ दिली नाही. सगळ्या जणी माझ्याकडं बघत राहिल्या, आणि खोटं खोकणं थांबवायचं कसं, ते मला कळेना.

तेवढ्यात निखाऱ्यांपाशी बसलेल्या सासूबाई खोकल्या. "लई तिखट मिरची हाय," म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचे डोळे कोरडे होते.