बग्गीची मागची दोन चाकं

चाकातलं मला सगळं कळतं, हे लासुर्ण्यात कुणीही सांगेल. मी तर न विचारताच सांगतो.

नव्वदच्या दशकात फाट्यावर उसाच्या टायरगाड्या दुरुस्त करायचं दुकान मी टाकलं. बैलाला ओढ हलकी जायला हवी, तर चाक आसावर मोकळं फिरायला हवं. मी बसवलेल्या चाकाला टिचकी मारावी, चहा पिऊन यावं, चाक फिरतंच आहे! (चहा अर्धाच कप असायचा, पण ते गिऱ्हाइकाला कशाला सांगा?)

माझी भाची मंगल बारामतीला डिप्लोमा करत होती. तिच्या सरांनी रिमोटवर पळणारी शर्यतीची बग्गी जुळवली होती. हातभर लांब, मागं मोटर, चार जाडजूड चाकं. रविवारी कॉलेजच्या मैदानावर पुण्याच्या तीन गाड्यांशी तिची शर्यत होती. रिमोटवर वर्गातली सगळी पोरं टपलेली, पण सरांनी तो मंगलच्या हातात दिला. अट एकच, दहा फेऱ्या पुऱ्या करायच्या. केल्या तर पुण्याच्या मोठ्या शर्यतीला मंगल जाणार, नाही तर दुसरं कुणी.

आदल्या दिवशी ती गाडी घेऊन आमच्याकडे आली आणि रविवारी सकाळी डोक्यावरून न्हायला गेली. मी आपल्या सहज टिचक्या मारून पाहिल्या. पुढची दोन चाकं भिंगरीसारखी मोकळी. मागची दोन जाम! नट काढून चाक ओढलं, तर आसावर सहा कोपऱ्यांचा प्लास्टिकचा तुकडा आणि चाकात तशीच सहा कोपऱ्यांची खोबण. कोपऱ्यात कोपरा अडकलेला. मग चाक फिरणार कसं?

"शिकल्याली माणसं आन एवढं कळंना," मी बायकोला म्हणालो.

"आधी तिला इचारा."

"चाकाचं लोक मला इचारत्यात."

कानस घेतली आणि दोन्ही तुकडे घासून गुळगुळीत गोल केले. वर ग्रीस फासलं. टिचकी मारून चहा प्यायला गेलो, परत आलो तरी चाक फिरतंय! मंगलला हे मैदानावरच कळू दे, असं ठरवून मी गप्प राहिलो.

टेम्पो भरून आम्ही लासुर्णेकर बारामतीला पोचलो. शिट्टी वाजली. पुण्याच्या तिन्ही गाड्या धुरळा उडवत सुटल्या. आमच्या गाडीची मोटर त्या तिघींहून जोरात किंचाळली, आणि गाडी जागची हलली नाही.

"आवाज बगा," मी शेजारच्या पाहुण्याला म्हणालो. "ताकद गोळा करतीया."

मंगलनं धावत जाऊन चाक काढलं. बोटाला ग्रीस लागताच तिनं गर्दीत बरोबर माझ्याकडंच पाहिलं.

"मामा, ह्याचं कोपरं कुठं गेलं?"

"घासलं. चाक जाम हुतं गं."

"बैल गाडी वढतो, म्हणून चाक मोकळं लागतं. हितं बैल न्हाय, मामा. मोटर आस फिरवती, आन आसानं चाक फिरवायचं. त्यासाठनंच कोपरं हुतं."

वीस वर्षं चाकांकडे बघत आलो, पण गाडीपुढं बैल असतो हे ध्यानातच राहिलं नव्हतं. माझी मान खाली गेली. पोरीची पुण्याची वाट मी कानशीनं घासून टाकली होती.

ती मात्र रडली नाही. "ट्यूब हाय का?" एवढंच म्हणाली. माझ्या पिशवीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. तिनं ओढणीनं ग्रीस पुसलं, रबराच्या पट्ट्या कापून त्या गोल तुकड्यांवर गुंडाळल्या, वर चाकं दाबून बसवली आणि नट आवळले. तोवर पुण्याच्या गाड्यांच्या दहा फेऱ्या संपल्या होत्या.

"मंगल, शर्यत संपली," सर म्हणाले.

"माझ्या दहा ऱ्हायल्यात, सर."

रिकाम्या मैदानावर एकटी गाडी पळाली. सातव्या फेरीला चाक निसटायला लागलं, तिनं पुन्हा नट आवळला. आठवीपासून सगळं मैदान मोजायला लागलं, पुण्याची पोरंसुद्धा. दहावी पुरी झाली तेव्हा मी उघड रडत होतो आणि त्या पाहुण्याला तिसऱ्यांदा सांगत होतो, "भाची हाय माझी."

सरांनी तिथंच पुण्याला तिचं नाव पक्कं केलं. मंगल मला म्हणाली, "मामा, तुमीबी चला. पण गाडीजवळ असताना हात खिशात ठेवायचं."

पुण्याच्या त्या शर्यतीचा फोटो दुकानात लावलाय. मंगलच्या हातात दुसऱ्या नंबरचा कप, शेजारी छाती फुगवून मी, दोन्ही हात लेंग्याच्या खिशात. गिऱ्हाईक विचारतं, "पुण्यात लई थंडी हुती काय?"

मी म्हणतो, "व्हय, लई."